उंची कमी आहे? जस्टीन हेनिन बघ

उंचीचं रडगाणं पुरे. बेल्जियमची टेनिसपटू जस्टीन हेनिन जेमतेम साडेपाच फूट, तरी 4 फ्रेंच ओपन, 2 यूएस ओपन, 1 ऑस्ट्रेलियन आणि 2004चं ऑलिंपिक सुवर्ण. (विम्बल्डन तेवढं हुकलं, दोनदा फायनलमध्ये.)

तिचे सामने बघायला सुरुवात 2003च्या यूएस ओपनच्या सेमीफायनलपासून कर, समोर अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती. नजर चेंडूमागे धावू देऊ नकोस, हेनिनचे पाय बघ. एकहाती बॅकहँडआधी (रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूने मारायचा फटका) खांदा पूर्ण वळलेला, उजवा पाय पुढे टाकलेला, चेंडू शरीराच्या बराच पुढे घेतलेला. जरा उशीर झाला की तो फटका गेलाच. डावा हात मागेच राहू दे, नाहीतर छाती लवकर उघडते. स्लाइसही (चेंडूला उलटी फिरकी देणारा कापीव फटका) आत्ताच घोटून घे.

कोच म्हणाले, ‘अजून वर्षभर दोन हातांनीच मार’, तर हुज्जत घालू नकोस. मनगट आधी तयार होऊ दे.