पाया आखताना तुला जे आलं

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीची सुट्टी संपून महिना झाला, तू वर्गात दिसला नाहीस. काल बाजारात तुझी आई भेटली. म्हणाली, "गणितात नापास होणारच आहे, मग परीक्षेला कशाला बसू, म्हणतो. वेल्डिंगच्या दुकानात जातो." दुकानाला माझी हरकत नाही. तुला गणित येत नाही, हे मात्र मला मान्य नाही.

शाळेच्या पोल्ट्री शेडचा पाया कोणी आखला? कोपरा काटकोनात यावा म्हणून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजलेस. तिरकं माप ५ फूट येईना, म्हणून खुंटी उपटून तीनदा ठोकलीस. शेवटी गवंड्यानं गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावून पाहिला आणि मान डोलावली. ३ चा वर्ग ९ आणि ४ चा वर्ग १६, मिळून २५, म्हणजे ५ चा वर्ग. दहावीच्या भूमितीतलं पायथागोरसचं प्रमेय ते हेच. तू ते दोरीनं केलंस, वहीत उतरवायचं राहिलं. त्याच दुपारी मी फळ्यावर काढून दाखवायला हवं होतं. ती चूक माझी.

दुकानातही डोळे उघडे ठेव. वेल्डिंग करताना पातळ पाइपला भोक पडलं की करंट कमी कर म्हणतात, पण किती? ढोबळ हिशेब असा: रॉडच्या जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर. अडीचच्या रॉडला १००. सव्वातीनच्या रॉडला किती, ते तू काढ. आणि उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे पाहू नकोस, रे. जोड धरून ठेवायला नुसता टाका मारतानाही हातातली काच तोंडासमोर हवीच. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, ते काय असतं हे मला माहीत आहे.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती शिकवू लागला. काम करता करता प्रश्न पडतात, तेव्हाच विज्ञान शिकवायचं, ही त्यांची रीत. पुढं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून यंत्रानं वस्तू बनवायची कार्यशाळाही आली. निवासी अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. परीक्षेनंतर आपण दोघं जाऊन पाहू.

परीक्षेनंतर म्हणतोय. आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचं तर दहावी पास लागते. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पुढं पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आज शाळा सोडलीस तर तो रस्ता तुझ्या हातानं बंद होईल, आणि नुसता हेल्पर म्हणून राबवून घेणारे पुष्कळ भेटतील.

दुकानमालकाशी मी बोललो आहे. सकाळी शाळा, चारनंतर काम, त्यांना चालेल. सोमवारी ये. भूमितीचं पुस्तक आण आणि तुझी ती खुणा केलेली दोरीही. आधी दोरी घेऊ.

तुझे,
वर्कशॉपचे सर