आखूड नळीच्या रायफलसाठी .22 लाँग रायफल काडतूस घ्यावे की .17 एचएमआर?

ठाण्यात राहून 50 मीटर नेमबाजी शिकायची असेल, तर .22 लाँग रायफलच घ्यावे, कारण या स्पर्धाप्रकारात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 5.6 मिमीचे हेच काडतूस चालते. .17 एचएमआर 2002 मध्ये आले. त्याची 17 ग्रेनची (सुमारे 1.1 ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण 775 मीटर वेगाने जात असली, तरी तो वेग लांब नळीत मोजलेला असतो. .22 मध्ये बंदुकीची दारू थोडी असल्याने सुमारे 16 इंचांतच तिचा बहुतेक जोर गोळीला मिळतो आणि आखूड नळीत फारसे नुकसान होत नाही.

त्यातही 40 ग्रेनची, ध्वनीपेक्षा कमी वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसे निवडावीत. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेगाची गोळी वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगते आणि लक्ष्यावरची छिद्रे विखुरतात. प्रत्येक नळीची आवड मात्र निराळी असते, म्हणून दोन-तीन कंपन्यांची काडतुसे टेकूवर रायफल ठेवून तपासावीत, हे मी आग्रहाने सांगतो. शिशाच्या गोळीवर मेणाचा पातळ थर असतो, त्याला बोटांवरची धूळ सहज चिकटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर डबी घट्ट बंदच हवी. रायफल आणि काडतुसे या दोन्हींसाठी शस्त्रपरवाना लागतो; त्यासाठीचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे करावा.