डिस्कची जागा जाते कुठे?

लहानमोठ्या डिस्क एकत्र जोडल्यावर (अशा जोडणीची एक पद्धत म्हणजे ‘रेड’) हाती किती जागा येते, हा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येत राहतो. त्यातलीच ही काही पत्रं.

प्रश्न : ४ टीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये ३.६४च दिसते. फसवणूक झाली का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

प्रश्न : २, ४, ४ आणि ८ टीबीच्या डिस्क रेड ५मध्ये लावल्या. एकूण १८, मिळाले ६. बाकीचे १२ कुठे गेले?

रेड ५ हा रेडचा एक प्रकार, तो सगळ्यांत लहान डिस्क प्रमाण धरतो. प्रत्येकीतले २ घेतले, झाले ८. त्यातले २ पॅरिटीला, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा पुन्हा उभा करण्यासाठीच्या हिशेबाला. उरलेल्या १० टीबीला हातच लागलेला नाही. सिनॉलॉजी या स्टोरेज पेट्या बनवणाऱ्या कंपनीची एसएचआर पद्धत त्या तुकड्यांचेही गट करते. एक डिस्क गेली तरी चालेल एवढंच संरक्षण हवं असेल, तर तिचा ढोबळ हिशेब : एकूण वजा सर्वांत मोठी, म्हणजे १०. अनरेड या दुसऱ्या प्रणालीत ८ची डिस्क पॅरिटीला द्यावी लागते, उत्तर तेच. बीटीआरएफएस या लिनक्सवरच्या फाईल सिस्टिमच्या रेड १मध्ये सगळ्याच्या दोन प्रती, म्हणून ९. पण पद्धत बदलायची तर डिस्क बहुधा कोऱ्या कराव्या लागतात. आधी जाणकाराला तुमची मांडणी दाखवा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, ‘कुठल्याही मापाच्या डिस्क घाला, जागा वाया जात नाही.’ माझ्याकडे २ आणि ८च्या दोनच आहेत.

त्यालाच विचारा, ८ टीबीची दुसरी प्रत २ टीबीत कशी ठेवणार? संरक्षणासह तुम्हाला २च मिळतील. पूर्ण १० दाखवून देत असेल, तर संरक्षण काढून घेतलेलं आहे. जाहिरातीत ‘एकूण क्षमता’ ठळक छापतात, वापरता येणारी जागा क्वचितच.

प्रश्न : बॅकअपची ८ टीबीची डिस्क नुसती पडून असते. तीही गटात घातली तर जागा वाढेल ना? रेड आहेच, मग वेगळा बॅकअप कशाला?

जागा वाढेल आणि बॅकअप संपेल. गटात घेताना ती डिस्क पुसली जाते, हे तरी कोणी सांगितलं का? ‘रेड आहे ना’ हे वाक्य ऐकून कान किटले. रेड एवढंच करते की एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. चुकून फोल्डर उडवलंत, तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर दुसऱ्या डिस्कवरची आरशासारखी प्रतही कुलूपबंद. पॉवर सप्लाय बिघडला तर पेटीतल्या सगळ्या डिस्क एकदम जाऊ शकतात. शिवाय एकाच खरेदीतल्या, सारखंच वय झालेल्या डिस्क असतील, तर एक गेल्यावर दुसरीवर रीबिल्डचा, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा उभारण्याचा, ताण तासन्‌तास पडतो, आणि रेड ५मध्ये नेमकी तेव्हा दुसरी गेली की सगळंच गेलं. पडून असलेली डिस्क पडूनच राहू द्या. ठरावीक दिवशी जोडा, प्रत घ्या, काढून दुसरीकडे ठेवा. एखादी फाईल परत उघडून पाहा; न तपासलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

प्रश्न : एसएचआरमधल्या त्याच चार डिस्कपैकी २ची काढून ८ची घातली, तर?

१६ मिळतील, पण रीबिल्ड पूर्ण झाल्यावर. आधी बॅकअप.

प्रश्न : तीन आठवडे ‘डिग्रेडेड’ असा इशारा येतोय. फायली मात्र उघडतात. थांबू का?

तीन आठवडे! ‘डिग्रेडेड’ म्हणजे गटातली डिस्क गेली आहे. आजच बॅकअप घ्या, मग डिस्क बदला. आणखी एखादी डिस्क टकटक वाजत असेल, तर यंत्र बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने मांडायची का) असं विचारलं, तर ‘हो’ दाबू नका.