‘प्रमाण त्रुटी म्हणजे कोणाची चूक?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. ‘बाकी सगळे विषय जमतात, पण संख्याशास्त्र उघडलं की डोकं बंद पडतं. माझ्यात काही कमी आहे का?’ विचारणारे बहुतेक मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र नाहीतर परिचर्या शिकणारे असतात. गणितातून सुटलो असं त्यांना वाटलेलं असतं आणि संशोधन पद्धतीच्या पेपरात ते पुन्हा गाठतं. अशाच एका बाईंची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचं वय पस्तिशीच्या पुढचं. अकरा वर्षांच्या खंडानंतर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आल्या होत्या. संख्याशास्त्राच्या पेपरात एकदा नापास झाल्या होत्या आणि दुसऱ्यांदा बसायचं होतं. ‘मॅडम, माझ्या वर्गातली मुलं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. ती पटापट सोडवतात. मी तीच व्याख्या दहा वेळा वाचते आणि काहीच शिरत नाही. रोज रात्री पाऊण पाऊण तास तळमळते.’

पहिल्या दोन भेटींत मी ही परीक्षेची भीती म्हणूनच हाताळली. श्वासाचे व्यायाम शिकवले, स्नायू सैल सोडण्याचं तंत्र शिकवलं, मनात येणारे विचार लिहून ठेवायला सांगितले. झोप लागायला किती मिनिटं लागली, याचीही रोज नोंद ठेवायला सांगितली. थोडं बरं वाटलं त्यांना, पण पुस्तक उघडलं की पुन्हा तेच. तिसऱ्या भेटीला मी त्यांना वही घेऊन यायला सांगितलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. विषयाची भीती घेऊन आलेल्या माणसाची त्या विषयाची वही बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वही अतिशय नीटनेटकी होती. मथळे लाल शाईत, व्याख्यांखाली पट्टीने ओढलेल्या रेघा. चाळीसेक पानं उलटली तरी आकडेमोड म्हणून कुठे दिसेना. सगळे शब्दच. मध्यमान, मध्यांक, बहुलांक. शाळेच्या गणितात हेच मध्य, मध्यक, बहुलक म्हणून शिकलेलं, आणि वर्गात सर मीन, मीडियन, मोड म्हणणार. म्हणजे एकाच गोष्टीची तीन तीन नावं, आणि त्या ती नऊ वेगळ्या गोष्टी असल्यासारखी पाठ करत होत्या! एका पानावर ‘प्रमाण त्रुटी’ या शब्दाशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘कोणाची चूक?’

त्या दोन शब्दांपाशी मी थांबले. त्यांना विचारलं, ‘विचलन’ वाचलं की मनात काय येतं? ‘मार्ग सोडून जाणं. भरकटणं.’ ‘प्रसामान्य’? ‘जे ठीक आहे ते. म्हणजे टोकाला असलेले ठीक नाहीत.’ ‘सार्थक’? ‘महत्त्वाचं, मोलाचं.’ मग त्या जरा गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, हे सगळे शब्द माझ्याबद्दलच आहेत असं वाटतं.’

नापास होण्याचा घाव ताजा असलेल्या माणसाला या विषयाची भाषा अशीच ऐकू येते. यात त्यांचा दोष नाही. रोजच्या बोलण्यातले न्यायनिवाड्याचे शब्द संख्याशास्त्राने उचलले आणि त्यांना कोरडे, मोजमापाचे अर्थ दिले. ‘त्रुटी’ आली ती आकाश निरखणाऱ्यांकडून. एकाच ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली तरी आकडे थोडे पुढेमागे होतात, त्या फरकाला ते त्रुटी म्हणत. त्यात कोणी चुकलेलं नसतं. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये ‘प्रमाण विचलन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापून आणला, त्याआधी फैलाव सांगायलासुद्धा ‘संभाव्य त्रुटी’ असेच शब्द चालत. शिकवताना हे दोन मिनिटांत सांगता येतं. बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

पण शब्दांचा उगम कळला म्हणून गणित येत नाही. हाताशी त्यांचीच झोपेची नोंद होती. सात रात्री, झोप लागायला लागलेली मिनिटं : २०, २५, २०, ३०, २०, ३५, १३०. मी म्हटलं, ‘आधी बेरीज करा.’ झाली २८०. भागिले सात, ४०. ‘बघा, चाळीस! म्हणजे पाऊण तासाच्या जवळच की,’ त्या म्हणाल्या. मग आकडे चढत्या क्रमाने लावले. मधला आला २५. सगळ्यांत जास्त वेळा आलेला २०. आता मध्यमान ४०, मध्यांक २५, बहुलांक २०, आणि तिन्ही बरोबर. सातांपैकी सहा रात्री त्यांना चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळात झोप लागली होती. त्या वहीकडे बघत राहिल्या. ‘मग रोज तळमळते हे...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

१३० ची रात्र कुठली, ते त्यांना लगेच आठवलं. फेरपरीक्षेचा अर्ज भरला त्या दिवशीची. ‘मग तो आकडा काढून टाकू का?’ नाही. वेगळा पडलेला आकडा खरा असेल तर तो नोंदीतून पुसायचा नसतो. तो वेगळा का पडला ते विचारायचं असतं. समुपदेशनातही तसंच. त्या दिवशीचा उरलेला वेळ आम्ही त्या एका रात्रीवरच बोललो.

पुढच्या भेटीत विचलन घेतलं. प्रत्येक आकड्यातून ४० वजा : उणे २०, उणे १५, उणे २०, उणे १०, उणे २०, उणे ५, अधिक ९०. बेरीज शून्य. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. मी म्हटलं, मध्यमानापासूनच्या विचलनांची बेरीज नेहमी शून्यच येते, म्हणून तर वर्ग करायचे. मग मी शेवटच्या ९० वर अंगठा ठेवला. ‘बाकीचे सहा दिसताहेत. अंगठ्याखाली काय आहे?’ त्यांनी सहांची बेरीज केली, उणे ९०. ‘अधिक नव्वदच असणार. दुसरं काही असूच शकत नाही.’ ‘म्हणजे मोकळे किती?’ ‘सहा.’ सातऐवजी सहाने का भागायचं आणि ‘स्वातंत्र्य मात्रा’ हे भारदस्त नाव कशाचं, ते त्यांच्या तोंडूनच आलं. वर्गांची बेरीज ९६५०. सहाने भागून वर्गमूळ काढलं तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यमानापासून साधारण किती पसरलेत ते, सुमारे ४०. आणि ती एक रात्र नुसती झाकून पुन्हा केलं तर मध्यमान २५, प्रमाण विचलन जेमतेम ६.३. एका रात्रीचं वजन किती, ते कागदावर दिसलं.

मग त्यांच्या पेन्सिलीच्या प्रश्नाकडे आलो. या सात रात्री हा नमुना. त्यांच्या सगळ्या रात्री ही समष्टी. दुसऱ्या सात रात्री घेतल्या असत्या तर मध्यमान चाळीसच आलं असतं का? नाही. ते किती हलू शकतं याचा अंदाज म्हणजे प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलन ४० भागिले सातचं वर्गमूळ, साधारण १५ मिनिटं. एकामागोमाग सात रात्री म्हणजे यादृच्छिक नमुना नव्हे, त्यामुळे हे फक्त सूत्र कळण्यापुरतं, हेही सांगितलं. त्यांनी खोडरबर काढलं, ‘कोणाची चूक?’ पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘कोणाचीच नाही. नमुना बदलला की मध्यमान हलतं.’

इतक्या कमी आकड्यांवरून काही म्हणता येतं का, असं त्यांनी विचारलं. हाच प्रश्न विल्यम गॉसेट यांच्यापुढे होता. ते मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करत आणि त्यांच्याकडे थोडेच नमुने असत. मालकांना कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेलं चालत नसे, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी त्यावरचा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. लहान नमुन्यांसाठीची टी-परीक्षिका तिथून आली. टोपणनावाचा अर्थ ‘विद्यार्थी’, हे ऐकून त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या.

सार्थकतेला मात्र तीन भेटी गेल्या. पी-मूल्य ०.०३ म्हणजे शून्य परिकल्पना, ‘काही फरक नाही’ हे गृहीतक, खरी असण्याची शक्यता तीन टक्के, असं त्यांनी पाठ केलं होतं. हा गैरसमज फार खोल रुजलेला असतो, शिकलेल्यांतही. अर्थ उलटा आहे : खरोखर काही फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता तीन टक्के. पी-मूल्य ज्याच्या खाली आलं की फरक सार्थक म्हणतात, ती ०.०५ ची रेघही निसर्गाने आखलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. ‘म्हणजे ०.०६ आलं तर तो अभ्यास नापास नाही?’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न कुठून आला ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांचा पेपर चार गुणांनी गेला होता.

मी संख्याशास्त्राची शिक्षिका नाही. मानसशास्त्रीय चाचण्या वापराव्या लागतात म्हणून मला हे लागतं, तेवढंच येतं. पुढची सूत्रं त्या महाविद्यालयातल्या सरांकडेच शिकल्या. फरक इतकाच की आता त्या हात वर करून ‘सर, हे कशातून वजा केलं?’ असं विचारू लागल्या. त्यांच्यामागोमाग इतर मुलंही विचारायला लागली. पटापट सोडवणाऱ्यांतल्या काहींनाही सहाने का भागायचं ते माहीत नव्हतं.

फेरपरीक्षेत त्या पास झाल्या. प्रतिगमनाचा, म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याचा, प्रश्न सोडून दिला होता, तो अजून नीट कळलेला नाही असं म्हणाल्या. प्रबंधात त्यांच्या दोन गटांतल्या फरकाचं पी-मूल्य ०.०८ आलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला. आवाज शांत होता. ‘मॅडम, शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, एवढंच लिहिलंय. फरक नाही असं लिहिलेलं नाही. नमुना लहान होता, तेही लिहिलंय. बरोबर ना?’

बरोबर होतं.