मेलबर्नच्या किचनमधला रविवार

प्रश्न : माझा मुलगा (वय 21) मेलबर्नला स्टुडंट व्हिसावर कुकरी शिकतो. एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहा-सहा तास काम करतो, रविवारी सकाळी 10 ते रात्री 11. मध्ये अर्धा तास सुट्टी. तासाला 15 डॉलर, रोख, पाकिटात. मित्र म्हणतात, रविवारचा दर वेगळा असतो. पण मालक आपल्याकडचाच आहे, दोन वेळा जेवायला घालतो. पैशांवरून वाद घालणं करिअरला बरं का? तक्रार केली तर व्हिसा जाईल का? व्हिडिओ कॉलवर त्याच्या भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं. मी दुधाचे खाडे लिहिते तसे त्याने चौकोनांत तास लिहिलेत. ते पाहून झोप लागेना. — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ते कालनिर्णय त्याला जपून ठेवायला सांगा. का, ते पुढे सांगते.

आधी मित्रांचं. ते बरोबर सांगतात. ऑस्ट्रेलियात जवळपास प्रत्येक धंद्यासाठी किमान पगाराचा कायदेशीर तक्ता असतो, त्याला 'अवॉर्ड' म्हणतात. रेस्टॉरंटचा वेगळा, हॉटेल आणि पबचा वेगळा. 1 जुलै 2025 पासून देशाचा किमान दर तासाला 24.95 डॉलर झाला, आणि तो दर जुलैला बदलतो. तुमचा मुलगा बहुधा 'कॅज्युअल' असणार, म्हणजे पगारी रजा नाही आणि त्याची भरपाई म्हणून दर 25 टक्के जास्त. ते धरून साध्या दिवशी 31.19 होतात. रविवारी रेस्टॉरंटमधल्या खालच्या श्रेणीच्या कॅज्युअलला मूळ दराच्या दीडपट, म्हणजे सुमारे 37.43. हेच काम हॉटेलच्या किचनमध्ये केलं तर पावणेदोन पट, 43.66. आणि तो घेतो 15! एका रविवारच्या नुसत्या 12 तासांचे जवळपास 270 डॉलर बुडतात. बारा तासांवरचा अर्धा तास तर ओव्हरटाइममध्ये मोडतो, त्याचा हिशेब आणखी वेगळा.

रविवारच्या या जादा दरावरून तिकडे वर्षानुवर्षं भांडण चाललंय. 2017 मध्ये फेअर वर्क कमिशनने, म्हणजे हे दर ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, हॉटेलांतल्या कायम कामगारांचा रविवारचा दर पावणेदोन पटीवरून दीडपटीवर आणायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मालक जेवायला घालतो ही त्याची माया. रविवारचा दर काही त्याच्या मायेवर ठरत नाही.

आपली मुलं तिकडे गप्प बसतात, याचं मूळ मला आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये दिसतं. हॉटेल मॅनेजमेंट शिकताना इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेलेलं पोर ब्रेक शिफ्ट (मध्ये काही तास सोडून दोन तुकड्यांत काम) करून रात्री बाराला घरी येतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, 'मेहनती आहे हो.' तास कोण मोजतो? ओव्हरटाइमला दुप्पट दर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आहे. माझ्याकडे येणाऱ्या हॉटेल मॅनेजमेंटच्या दहांतल्या एकालाही ते ठाऊक नसतं.

आता व्हिसा. इथे मात्र सावध राहायचं. कॉलेज चालू असताना स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं. तुम्ही दिलेले तास मी जोडले, ते 49 भरतात. तासाभराने का होईना, तो मर्यादेबाहेर जातोय. या आठवड्यापासून एक शिफ्ट कमी करायची, हे पहिलं काम. व्हिसाची अट मोडली म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही, हे 2023 पासून तिथल्या कायद्यात स्पष्ट आहे. 'बोललास तर व्हिसा घालवीन' अशी धमकी देऊन कमी पैशांत राबवणं हा जुलै 2024 पासून मालकाचाच गुन्हा ठरतो. पैसे मागताना व्हिसाला धक्का लागू नये म्हणून फेअर वर्क ओम्बड्समन (पगाराच्या तक्रारी पाहणारं सरकारी कार्यालय) आणि व्हिसा खात्यात ठरलेली व्यवस्थाही आहे, पण तिला अटी आहेत. म्हणून तक्रारीआधी कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये जाऊन त्याचे तास दाखवावेत. तिथे सल्ला फुकट मिळतो.

करिअरचं म्हणाल, तर मला 270 डॉलरपेक्षा पाकिटाची जास्त काळजी वाटते. पुढे कुक म्हणून कौशल्याची पडताळणी करून घ्यायची झाली की पगारी कामाचा कागदोपत्री पुरावा लागतो. रोखीवर दोन वर्षं तंदूर सांभाळला तरी स्लिप नसेल तर कागदावर तो रिकामाच. पगार झाल्यापासून एका कामाच्या दिवसात पे-स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे. शिवाय 12 टक्के सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखं, तेही रोखीत गायब होतं.

तेव्हा वाद घालायचा नाही, मेसेज करायचा. 'दादा, मला पे-स्लिप आणि रविवारचा दर लेखी कळवा,' एवढंच. फोनवर नको. उत्तर काहीही येवो, नवी नोकरी आतापासून शोधायची, हॉटेलात मिळाली तर उत्तम. मागचे पैसे सहा वर्षांपर्यंत मागता येतात, त्यामुळे उद्याच भांडायला हवं असं नाही.

आणि ते कालनिर्णय. मालकाने हजेरीची नोंद आणि स्लिपा ठेवल्या नसतील, तर मुलाचा दावा खोटा आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. तेव्हा दर महिन्याच्या पानाचा फोटो काढून त्याने तुम्हालाच पाठवावा. फक्त '12' लिहू नये, कधी आला, कधी निघाला आणि पाकिटात किती होते, तेही त्याच चौकोनात लिहावं.