गॅसच्या तारखा

"यांना कुठल्यातरी समाजसेवेला लावा हो, ताई." नवऱ्याच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष झालं की बायका हे वाक्य घेऊन माझ्याकडे येतात. समाजसेवा हे निमित्त. खरं म्हणणं असतं की दिवसातले चार तास यांना घराबाहेर काढा. त्यात गैर काही नाही, पण ते 'लावा' मला खटकतं.

सांगलीकडच्या या काकूंचे (तपशील बदलले आहेत) यजमान बँकेत अकौंटंट होते. "सिलिंडर लावला की तारीख लिहून ठेवतात. या खेपेला 41 दिवस चालला, मागच्या वेळी 47. सहा दिवस कुठे गेले, असं मला विचारतात! जाऊबाई राहायला होत्या, पुरणपोळ्या झाल्या, अजून काय हिशेब देऊ?"

काकांना भेटले तेव्हा आधी झोप, भूक, वजन यांची चौकशी केली. माणूस नैराश्यात असेल तर त्याला सेवाकार्याचा सल्ला देऊन भागत नाही, डॉक्टरांकडेच पाठवावं लागतं. इथे तसं नव्हतं. काका दुखावले होते. निवृत्तीनंतर उत्साहाने एका शाळेत आठवीच्या मुलांना बचतीवर तीन व्याख्यानं दिली. चौथ्यासाठी शाळेचा फोन आला नाही. "आपलं आता कुणाला काम नाही," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग मीही ठरावीक चूक केली. ज्येष्ठ नागरिक संघात जा म्हटलं. काका दोन दिवस गेले. "तिथे सगळे गुडघ्यांवर बोलतात." (सगळे संघ असे नसतात, पण काकांना तेवढंच दिसलं.)

तिसऱ्या भेटीत वेगळं विचारलं. तुम्ही न बोलावता, आपणहून तुमच्याकडे शेवटचं कोण काय विचारायला आलं होतं?

काका जरा थांबले आणि मग वीस मिनिटं बोलत राहिले. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या सासूबाईंची पेन्शन बंद पडली होती. नवरा सूतगिरणीत होता, त्याच्यामागे पीएफकडून महिना हजार रुपये यायचे. आजींनी आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये हयातीचा दाखला दिला होता आणि या वर्षी नोव्हेंबरची वाट बघत बसल्या होत्या, कारण शेजारचे निवृत्त मास्तर नोव्हेंबरात देतात. सरकारी पेन्शनवाल्यांचा महिना नोव्हेंबर खरा, पण ईपीएस-95 म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेवाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. आजींचा ऑगस्टमध्येच संपला होता. काका त्यांना घेऊन गेले. मशीनवर अंगठा उमटेना. जन्मभर राख-मातीने भांडी घासलेले हात, रेषा राहिल्यात कुठे! शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. "त्या मला साहेब म्हणाल्या नाहीत, बाळा म्हणाल्या," हे सांगताना काकांचा आवाज जरा हलला.

हे तर तुमचं कामच आहे की, मी म्हटलं. त्यांना ते काम वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे व्याख्यान, समोर खुर्च्या, शेवटी श्रीफळ. शाळेत ते स्वतःजवळ होतं ते द्यायला गेले होते. आजींच्या वेळी मात्र अडलेला माणूस आधी आला, मदत नंतर. सेवा सुरू करून महिन्याभरात सोडून देणारे ज्येष्ठ मी बरेच पाहिलेत. बहुतेकांचं गाडं याच क्रमावर अडतं.

गल्लीतल्या वाचनालयाने एक टेबल दिलं. मंगळवार-शुक्रवार, दहा ते बारा. बसण्याआधी आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या. कुणाचं पासबुक घरी न्यायचं नाही. ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा, काकांनी तो लिहूनही घ्यायचा नाही. पैसे, पेढे, काही नाही. आणि समोरच्याने अर्ज चुकीचा भरला तर "एवढंही कळत नाही?" म्हणायचं नाही. ही शेवटची अट काकूंनी घालायला लावली. काका दोनदा चुकले. एक बाई रडत उठून गेल्या, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. छत्तीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं.

रजिस्टर मात्र तेच राहिलं. त्यात आता गॅसच्या जागी माणसं: नाव आणि दाखला कधी संपतो तो महिना, एवढंच. आधार नंबर नाही, खातं नाही. महिनाभर आधी काका फोन करतात. ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीआधी बोलावतात. चालता न येणाऱ्यांच्या घरी स्वतः जातात. ज्या सवयीने घरात भांडणं होत होती, तिच्यामुळे आता कुणाचे हजार रुपये अडत नाहीत.

परवा काकूंचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला केला असेल.

"ताई, लोक सकाळी सातला दारात उभे असतात. चहासुद्धा सुखाने पिऊ देत नाहीत. काहीतरी सांगा यांना. आणि काल पोळ्या अर्ध्यावर असताना गॅस संपला. तारीखच लिहिली नव्हती कुणी."