साडेसात हजार घराचे, माणशी नव्हेत

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी पावणेचार वर्षांची, राहायला न्यू जर्सीत, डेकेअरचे महिन्याला १,६०० डॉलर. तुमचं एच-४ वरचं (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचं) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आलंय, नोकरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागतेय. मार्चच्या मध्यावर सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार, तेवढे दिवस डेकेअर बंद. डिसेंबरात पाच आठवडे सगळे भारतात. नवऱ्याच्या कंपनीचं २०२६ चं ओपन एन्रोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाच्या सोयी निवडायची मुदत, शुक्रवारी संपतंय. डिपेंडंट केअर एफएसए (मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून कर न लागता पैसे बाजूला ठेवायचं खातं) दोघांच्याही कंपनीत आहे, मग दोघांनी ७,५०० टाकावेत का? सासूबाईंना थोडे पैसे देऊन त्याची पावती लावता येईल का? आणि भरतनाट्यमची फी चालेल का?

शेवटच्या तिन्हींना उत्तर नाही असंच आहे. पण कारणं वेगवेगळी आहेत, आणि ती कळली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

७,५०० ही मर्यादा अख्ख्या घराची आहे. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचे मिळून तेवढे. वेगवेगळं रिटर्न भरलंत तर प्रत्येकी ३,७५०. दोघांच्या एचआर एकमेकींशी बोलत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे ७,५०० भरले तरी कोणी अडवणार नाही. ते मार्च-एप्रिलमध्ये रिटर्नबरोबर फॉर्म २४४१ (सांभाळण्याच्या खर्चाचा फॉर्म) भरताना बाहेर येतं आणि वरची रक्कम परत करपात्र होते. ही मर्यादा १९८६ च्या कायद्यापासून ५,००० वर अडकून होती. करोनाच्या काळात २०२१ या एकाच वर्षापुरती १०,५०० झाली होती, मग परत ५,०००. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ती ७,५०० केली. पण कंपनीने आपल्या प्लॅनमध्ये ती वाढ करून घ्यावी लागते. काही कंपन्या अजून ५,००० वरच आहेत, तेव्हा पोर्टलवरचा आकडा बघा, बातमीतला नको.

आता मूळ मुद्दा. हा पैसा 'मुलीवर झालेला खर्च' म्हणून मिळत नाही. आई आणि बाप दोघांना कामावर जाता यावं म्हणून झालेला सांभाळण्याचा खर्च, एवढंच त्यात बसतं. दोघांपैकी ज्याची कमाई कमी, तेवढ्यापर्यंतच फायदा. म्हणजे एकाची कमाई शून्य तर फायदाही शून्य. एच-४ वर ईएडी नसलेल्या बायकांच्या घरी हे अकाउंट उघडलं जातं आणि वर्षाअखेर डोक्याला हात लागतो. (जोडीदार पूर्णवेळ कॉलेजात शिकत असेल तर सवलत आहे. एका मुलासाठी महिन्याला २५०, दोन किंवा जास्त मुलांसाठी ५०० डॉलर कमाई धरली जाते.) तुमच्या बाबतीत जानेवारीचे १,६०० धरू नका. खर्च मोजायचा तो नोकरी सुरू झाल्यापासून.

ईएडीवरची शेवटची तारीखही आत्ताच बघून ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्युअलला पूर्वीसारखं ५४० दिवसांचं आपोआप एक्सटेन्शन मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर नोकरी थांबते आणि त्या दिवसांचा डेकेअरचा खर्च यातून बाद होतो. तसं झालं आणि अकाउंट नवऱ्याच्या कंपनीत असेल तर जोडीदाराची नोकरी थांबणं हे रक्कम बदलायला मान्य कारण आहे, पण एचआरला लगेच कळवावं लागतं. बहुतेक ठिकाणी ३० दिवस देतात.

सासूबाईंचं. आजीने नातीला सांभाळलं आणि तिला पैसे दिले, तर टॅक्सच्या नियमात ते बसतं. अट एवढीच की ती तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट नसावी. ग्रीनकार्डवर आलेल्या आईला रीतसर पैसे देणारी आणि तिचं उत्पन्न दाखवणारी दोन घरं मला माहीत आहेत. पण तुमच्या सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येणार. त्या व्हिसावर कामाचे पैसे घेता येत नाहीत. पावती केलीत की तो कागदच त्यांच्याविरुद्धचा पुरावा. पुढच्या वेळी एअरपोर्टवर त्यांना कोणी विचारलं तर काय सांगतील बिचाऱ्या? दोन-तीन हजारांसाठी हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. साडी घ्या, अंगठी करा, एफएसएला त्यात ओढू नका.

भरतनाट्यम, पोहणं, कुमॉन, मंडळाची रविवारची मराठी शाळा हे सगळं शिकवणं झालं, सांभाळणं नव्हे. चालत नाही. याउलट उन्हाळ्यातला डे कॅम्प चालतो, मग तो फुटबॉलचा असो की कॉम्प्युटरचा. रात्री मुक्काम असलेला कॅम्प अजिबात नाही. प्रीस्कूल चालतं, किंडरगार्टन आणि त्यापुढची फी नाही, पण शाळेआधीचा आणि नंतरचा केअर चालतो. मूल १३ वर्षांचं होईपर्यंत हे सगळं, वाढदिवसाच्या दिवशी बंद. घरी राहणारं मोठं माणूस स्वतःचं करू शकत नसेल तर त्याच्या अ‍ॅडल्ट डे केअरचाही खर्च बसतो. ते माणूस तुमच्यावर अवलंबून, इथलं रहिवासी, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्या घरी राहणारं आणि रोज किमान आठ तास घरात असणारं हवं.

आता आकडा काढू. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, दीड महिना: २,४००. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर, अडीच महिने: ४,०००. सासूबाई असताना काहीच नाही. त्या सहा महिन्यांत डेकेअरने जागा राखायची फी मागितली तर ती तुमच्या खिशातून, कारण कोणी कोणाला सांभाळलेलंच नाही. डिसेंबरची भारतवारीही सोडा. मूल आजारी पडलं किंवा तुम्ही आठवडाभर सुट्टीवर गेलात आणि डेकेअरने फी लावलीच, तर सलग दोन आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी नियमांत खपते. पाच आठवडे ओढून-ताणून बसवायला मी जाणार नाही. एकूण ६,४००. मी तुमच्या जागी असते तर ६,००० भरले असते. सासूबाईंचा मुक्काम लांबला, भारतात लग्न निघालं, काहीही होतं. आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. तशी थोडी सोय मेडिकल एफएसएला (औषधपाण्याच्या खर्चाच्या अशाच खात्याला) असते, याला नाही. काही प्लॅनमध्ये १५ मार्चपर्यंतचा खर्च मागच्या वर्षातून घ्यायची मुभा असते, पण ती प्लॅनच्या कागदात लिहिलेली असेल तरच.

फायदा किती? २२ टक्क्यांच्या पट्टीत असाल तर २२ आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५, म्हणजे ६,००० वर १,७७९ डॉलर. दुसरा रस्ता म्हणजे चाइल्ड केअर क्रेडिट, म्हणजे याच खर्चावर थेट करातून मिळणारी सूट. ते एका मुलासाठी ३,००० च्या खर्चावरच मिळतं, आणि २०२६ पासून एकत्र उत्पन्न साधारण ४५ हजार ते दीड लाख असेल तर ३५ टक्के, तिथून उतरत दोन लाख दहा हजारांच्या आसपास २० टक्के. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त १,०५०. दोन्ही एकदम मिळत नाहीत, एफएसएची रक्कम क्रेडिटच्या मर्यादेतून वजा होते. दोन मुलं असलेल्यांना पूर्वी ५,००० एफएसएत आणि वरच्या १,००० वर थोडं क्रेडिट अशी जोडी जमायची. ७,५०० पूर्ण भरले की ती जागाच उरत नाही.

न्यू जर्सी राज्याचा कर मात्र वाचत नाही. पुढच्या वर्षी डब्ल्यू-टूवर (कंपनीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) राज्याच्या खान्यातला पगार फेडरलपेक्षा मोठा दिसेल, तेव्हा पेरोलवर चिडून मेल करू नका. मी केली होती.

कोणाच्या कंपनीतून घ्यायचं हे तुम्ही विचारलंच नाहीत, पण तुमच्या घरी तेच महत्त्वाचं आहे. नवऱ्याला या कंपनीने २०२५ मध्ये १,६०,००० च्या वर दिले असतील तर तो 'जास्त पगारवाल्यांत' धरला जाऊ शकतो. मोठ्या पगारवाल्यांनीच या सोयीचा लाभ लाटू नये म्हणून कंपनीला दरवर्षी एक चाचणी करावी लागते, ती जमत नसेल तर अशांची रक्कम वर्षाच्या मध्येच कापतात. शिवाय २०२६ मध्ये १,८४,५०० च्या वरच्या पगारावर सोशल सिक्युरिटी कापलीच जात नाही, त्यामुळे त्या पगारातून भरलं तर ते ६.२ टक्के वाचत नाहीत. तुम्ही नव्या. तुमच्या कंपनीने तुम्हाला मागच्या वर्षी काहीच दिलेलं नाही, म्हणून तुम्ही त्या यादीत येत नाही. ईएडीची तारीख वर्षाच्या पलीकडे असेल तर तुमच्या कंपनीतून घ्या, म्हणजे शुक्रवारची घाईही सुटली. रुजू झाल्यावर निवड करायला वेगळी मुदत मिळते. तारीख मध्येच संपत असेल तर नवऱ्याकडून.

मेडिकल एफएसए वापरली असेल तर एक धक्का बसेल. तिथे वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. इथे जेवढं कापून जमलं तेवढंच मिळतं. समजा तुमचा पगार दर दोन आठवड्यांनी, फेब्रुवारीपासून २४ पगार, प्रत्येकातून २५०. फेब्रुवारीचं १,६०० चं बिल लावलंत तेव्हा खात्यात असतील ५००. तेवढे मिळतील, बाकीचं 'पेंडिंग' दिसेल. क्लेम रद्द झाला असं समजून पुन्हा पुन्हा टाकू नका. पुढच्या प्रत्येक पगाराला २५०-२५० येत राहतील. डेकेअर बंद असतानाच्या उन्हाळ्यात तुम्हाला फेब्रुवारी-मार्चचेच पैसे मिळत असतील, आणि सप्टेंबरपर्यंत खात्यात पुढच्यासाठी थोडी शिल्लक साठलेली असेल.

पावतीवर तारीख हवी ती सांभाळल्याची. पैसे कधी दिलेत याला अर्थ नाही. जानेवारी २०२७ ची फी डिसेंबरमध्ये भरून २०२६ चे पैसे संपवता येत नाहीत. नाव, तारखा, रक्कम आणि डेकेअरचा टॅक्स नंबर एवढं पावतीवर छापून घ्या. हा नंबर रिटर्नबरोबरच्या फॉर्म २४४१ वर लागतोच. डब्ल्यू-टूच्या १० नंबरच्या खान्यात रक्कम येते आणि तो फॉर्म भरला नाही तर सगळी करपात्र धरतात.

डेकेअर रीतसर आहे म्हणून तुम्ही सुटलात. आमच्या धाकट्याला सांभाळणाऱ्या काकू घरीच चार मुलं ठेवायच्या. जेवण, वरण-भात, दुपारी अंगाई, सगळं मायेनं. पण रोख. पहिल्या पावतीला मी नंबर मागितला तर म्हणाल्या, "अगं माझं नाव कशाला घालतेस त्यात?" मी सांभाळणाऱ्याने आपला टॅक्स नंबर लिहून द्यायचा डब्ल्यू-१० नावाचा एक पानाचा फॉर्म नेऊन दिला, तो तीन आठवडे त्यांच्या फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली तसाच राहिला. नंबर मागूनही देत नसतील तर तुम्ही तो मागितला होता हे लिहून रिटर्नला जोडता येतं. पण क्लेमवाले ऐकतीलच असं नाही, आणि काकूंना कागदावर आणणं मला पटेना. आम्ही त्या वर्षी अकाउंट घेतलंच नाही. ताकाला जायचं तर भांडं लपवून चालत नाही, हे दोघींनाही कळत होतं.

पैसे बुडाले ते मोठ्याच्या वेळी, आणि ती चूक सर्वस्वी माझी. नोव्हेंबरात मागच्या वर्षीचाच ५,००० चा आकडा डोळे मिटून पुढे ढकलला. तो सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार हे लक्षातच नव्हतं. शाळा फुकट, आफ्टरकेअर महिना साडेतीनशे, आणि त्यात मेपासून ऑक्टोबरपर्यंत आई सांगलीहून आलेली. मार्चमध्ये पोर्टलवर शिल्लक ९४० डॉलर, आणि लावायला एकही पावती नाही. नवरा काही बोलला नाही, फक्त दोन दिवस डब्यातली पोळी मोजून खायचा.

तुमची मुलगी सप्टेंबर २०२७ मध्ये किंडरगार्टनला जाईल असं दिसतंय. पुढच्या वर्षी २०२७ साठीच्या ओपन एन्रोलमेंटला स्क्रीनवर 'मागच्या वर्षीप्रमाणे ठेवा' असा पर्याय येईल, तो दाबू नका. आत्ताची ही बेरीज वहीत लिहून ठेवा आणि तेव्हा वही काढून बसा.